घरून येणारा विद्यार्थी

मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या कीं महाराष्ट्रांतील लहानशा गांवीं ज्या घरचा मुलगा कॉलेजांत जावयाचा असे त्या घरांत पूर्वीं एक ठरलेली लगबग सुरू होई. माळ्यावरची ट्रंक खालीं उतरे, वळकटीची सतरंजी धुतली जाई, आई मेतकूट आणि लोणचें भरून देई, वडील शहरांतील एखाद्या स्नेह्यास पत्र लिहीत, आणि नेमल्या दिवशीं सारें घर त्यास पोंचवावयास निघे. त्या निरोपांतच मुलाचें बालपण संपे. विद्येसाठीं घर सोडणें ही आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी सन्मानित रीत आहे कीं शिक्षणाचा आरंभ म्हणजे प्रवासाचा आरंभ, असें समीकरणच आपल्या मनांत बसून गेलें आहे.

मुंबईंत, गिरगांवच्या, दादरच्या किंवा परळ-लालबागच्या घरीं ह्यांतलें कांहींच होत नाहीं. मुलगा काल जेथें निजला तेथेंच आजहि निजतो, आणि ज्या जिन्यानें शाळेंत गेला त्याच जिन्यानें कॉलेजांत जातो. त्याला पोंचवावयास कोणी जात नाहीं. कॉलेजच्या पहिल्या दिवशींहि तो संध्याकाळीं घरीं परत येणारच असतो. म्हणून वरवर पाहणाऱ्यास वाटतें कीं येथें तयारी करण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु तयारी होत नाहीं असें नव्हे. ती ट्रंकेंत भरतां येत नाहीं म्हणून दिसत नाहीं, इतकेंच. मुंबईच्या विद्यापीठाचा इतिहास पुष्कळदां लिहिला गेला आहे, पण तो इमारतींचा, देणग्यांचा आणि कुलगुरूंचा. ह्या न दिसणाऱ्या तयारीचा इतिहास मात्र घराघरांत राहून गेला आहे. त्याची थोडीशी ओळख करून घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

आरंभ विद्यापीठाच्या घडणीपासूनच केला पाहिजे. १८५४ च्या चार्ल्स वुड ह्यांच्या खलित्यानें हिंदुस्थानांत विद्यापीठें स्थापावीं असें ठरलें आणि १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें तीं स्थापन झालीं. मुंबईच्या विद्यापीठाचा जन्मदिवस १८ जुलै १८५७. त्याला नमुना घेतला होता तो ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा नव्हे, तर लंडनच्या विद्यापीठाचा. म्हणजे हें विद्यापीठ शिकवीत नसे; तें परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचें काम त्याला जोडलेल्या कॉलेजांचें. विद्यार्थ्यानें कोठें राहावें, काय खावें, रात्रीं कोणत्या दिव्याखालीं वाचावें, ह्याचा विचार त्या घटनेंत नव्हता.

गंमतीची गोष्ट अशी कीं ह्याच प्रश्नावर थोडींच वर्षें आधीं विलायतेच्या शेजारीं एक मोठा वाद उपस्थित झाला होता. १८५२ सालीं जॉन हेन्री न्यूमन ह्यांनीं डब्लिन येथें विद्यापीठाच्या कल्पनेवर व्याख्यानें दिलीं. त्यांत त्यांनीं श्रोत्यांपुढें एक पेंच टाकला. एक विद्यापीठ असें कीं तें विद्यार्थ्यांना एकत्र राहूं देत नाहीं, त्यांच्यावर देखरेख करीत नाहीं, फक्त अनेक विषयांची परीक्षा घेऊन पदवी देतें. दुसरें असें कीं तें परीक्षा मुळींच घेत नाहीं, पण तरुणांना तीन-चार वर्षें एकत्र राहूं देतें आणि मग निरोप देतें. ह्यांपैकीं बुद्धीला वळण कोणतें लावील? न्यूमन ह्यांनीं कौल दुसऱ्याला दिला. एकमेकांच्या सहवासांत तरुण जें शिकतात तें परीक्षेनें येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यानंतर पांचच वर्षांनीं मुंबईंत जें विद्यापीठ निघालें तें बरोबर पहिल्या जातीचें होतें. तेव्हां न्यूमन ह्यांचा आक्षेप मुंबईच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लागू पडतो, आणि त्याचें उत्तर शोधल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

विद्यापीठानें इमारती बांधल्या नाहींत असें नाहीं. शेठ प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगींतून ग्रंथालय उभें राहिलें आणि त्यावर १८७८ सालीं राजाबाई मनोरा पुरा झाला. सुमारें २८० फूट उंचीच्या ह्या मनोऱ्याचें घड्याळ पुढें कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनीं धांवतपळत पाहिलें. पुस्तकांना घर मिळालें, पदवीदानाला मिळालें, वेळेला सुद्धां मिळालें. विद्यार्थ्याला मात्र नाहीं. कांहीं कॉलेजांनीं वसतिगृहें काढलीं, पण त्यांत मावणारे थोडे. बाकीच्यांचें वसतिगृह म्हणजे हें सबंध शहर.

पहिल्या पिढीचे विद्यार्थी बहुतेक बाहेरगांवचे होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५३ सालीं रत्नागिरीहून आले. महादेव गोविंद रानडे कोल्हापुराहून आले. १८५९ सालीं विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन झाली आणि १८६२ सालीं पहिले बी. ए. बाहेर पडले. ते अवघे चार: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ह्या मंडळींनीं मुंबईला येण्यासाठीं घर सोडलें होतें. परंतु त्यांच्यामागून आलेले अनेक जण सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, पेढ्यांवर नोकरीला लागले, गिरगांवांत बिऱ्हाडें करून राहिले, आणि त्यांचीं मुलें वयांत आलीं तेव्हां एक नवाच प्राणी मुंबईंत दिसूं लागला. तो म्हणजे घरून येणारा विद्यार्थी.

ह्या मुलाचें भाग्य असें कीं गिरगांव कॉलेजांच्या मध्यावर वसलें होतें. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं लावलेल्या रोपट्याचें पुढें कॉलेज झालें आणि १८८९ पासून तें चौपाटीसमोर स्वतःच्या इमारतींत भरूं लागलें. सेंट झेवियर कॉलेज १८६९ सालीं निघालें. तेंहि धोबीतलावाजवळ, पायीं जाण्याच्या अंतरावर. एल्फिन्स्टन कॉलेज १८७१ च्या सुमारास भायखळ्यास गेलें आणि सुमारें वीस वर्षांनीं काळ्या घोड्यासमोर येऊन स्थिरावलें. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचें तिचें भाडें आरंभीं तीन आणे होतें. एवढे पैसे रोज खर्चण्याची ऐपत असलेल्या घरचीं मुलें थोडीं. बाकीचीं चालत. गिरगांवच्या मुलाची तयारी म्हणजे पुष्कळ अंशीं एक टिकाऊ वहाण आणि एक छत्री. पण चालण्याचा लाभहि कांहीं लहान नव्हे. चार मुलें एका वाटेनें जात आणि वर्गांत अर्धवट राहिलेला वाद चर्नी रोडपर्यंत पुरा करीत. न्यूमन ह्यांना हवा असलेला सहवास गिरगांवच्या मुलांना रस्त्यावर मिळाला.

परळच्या मुलाची गोष्ट निराळी होती. येथें आपण एकाच मुलाकडे लक्ष देऊं, कारण त्याच्या तयारीची हकीकत त्याच्या चरित्रांत नोंदली गेली आहे, आणि ती ह्या साऱ्या विषयाचें मर्म उघडें करते. हा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वडील रामजी सुभेदार निवृत्त झालेले; परळच्या चाळींत एकच खोली; तींतच स्वयंपाक, तींतच निजणें, तींतच अभ्यास. माणसांच्या गजबजाटांत वाचणें अशक्य. तेव्हां बापानें युक्ति काढली. मुलानें संध्याकाळीं लौकर निजावें. बापानें रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत बसावें. मग मुलाला उठवावें आणि त्यानें मोकळ्या केलेल्या जागेवर आपण पाठ टेंकावी. खोली तीच, अंथरूण तेंच, पण रात्रीचे दोन भाग केल्याबरोबर त्यांतून एक अभ्यासिका निर्माण झाली. मॅट्रिकची परीक्षा १९०७ सालीं पास झालेला हा विद्यार्थी १९०८ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांत दाखल झाला, तो ह्या तयारीवर.

आम्हांस वाटतें, मुंबईच्या विद्यार्थ्याच्या तयारीची ह्याहून नेमकी व्याख्या सांपडणार नाहीं. जो मुलगा घर सोडतो तो स्वतः बदलतो. जो मुलगा घर सोडीत नाहीं त्याच्यासाठीं घराला बदलावें लागतें. ट्रंक भरणें हें एका दिवसाचें काम आहे. दोन वाजेपर्यंत जागणें हें रोजचें आहे.

भीमरावांना तिसरीहि एक जागा लागली. शाळेंत असतांना ते चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत बसत. तेथें कृष्णाजी अर्जुन केळुसकर नांवाचे एक शिक्षक आणि ग्रंथकार येत असत. वाचनांत बुडालेला हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला, ओळख झाली, आणि ती ओळख पुढें फळाला आली. मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले ह्यांच्या अध्यक्षतेखालीं जो सत्कार झाला त्यांत केळुसकरांनीं आपलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें. पुढें सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांच्याकडे शब्द टाकून दरमहा २५ रुपयांचें साहाय्यहि मिळवून दिलें. कॉलेजांतील प्रोफेसर म्यूलर पुस्तकें देत, कपडे देत. परंतु त्याच कॉलेजांत उपाहारगृहाचा चालक ह्या विद्यार्थ्यास चहा तर राहोच, पाणीहि देत नसे. म्हणजे घरीं बसावयास जागा नाहीं आणि कॉलेजांत तहान भागत नाहीं, अशा दोन टोंकांमधून हा मुलगा रोज जात-येत होता. कोणत्याहि वेळापत्रकांत न दाखविलेलें असें तें अंतर होतें. १९१३ सालीं तो बी. ए. झाला.

दरम्यान मुंबईचें रूप पालटत होतें. १८९६ च्या प्लेगनें शहराची दाटी जीवघेणी आहे हें सिद्ध केलें आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या योजनांतून दादर आणि माटुंगा येथें नव्या वसाहती आंखल्या गेल्या. मध्यम वर्गाचीं मराठी कुटुंबें गिरगांवच्या कोंदट बिऱ्हाडांतून दादरकडे सरकूं लागलीं. घरांत उजेड आला, वारा आला. पण कॉलेजें राहिलीं कोटाकडे. १९०७ सालीं विजेची ट्राम आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धांवली. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरीवली हा मार्गहि विजेवर आला. आतां विद्यार्थ्याच्या खिशांत वहाणेच्या पैशांऐवजीं पास आला. चालतांना होणारा वाद आतां डब्याच्या दारांत होऊं लागला, आणि त्यांत एक नवें कौशल्यहि आलें. उभ्यानें, एका हातानें कडी धरून, दुसऱ्या हातांतील वही वाचणें.

घर कॉलेजापासून दूर गेलें तेव्हां कॉलेजानें घराकडे येणें क्रमप्राप्तच होतें. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ सालीं भायखळ्याहून माटुंग्यास आलें. १९२६ सालीं परळास गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झालें. १९३७ सालीं पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीनें माटुंग्यास रामनारायण रुइया कॉलेज काढलें; त्याच वर्षीं जवळच खालसा कॉलेज निघालें; १९४१ सालीं पोद्दार कॉमर्स कॉलेज. पुढें १९५२ मध्यें रुपारेल, १९५४ मध्यें दादरच्या समुद्राजवळ कीर्ति, १९६२ मध्यें परळास महर्षि दयानंद. ह्यांपैकीं रुइया, रुपारेल आणि कीर्ति ह्या तिन्ही कॉलेजांच्या चालक संस्था पुण्याच्या, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जें पुणें इतकीं वर्षें विद्यार्थ्याला आपल्याकडे बोलावीत होतें तेंच आतां त्याच्या दाराशीं आलें. पुणें, कर्नाटक व गुजरात हीं विद्यापीठें १९४९ च्या आगेंमागें वेगळीं झाल्यावर तर सिंधपासून कानडी मुलखापर्यंत पसरलेलें मुंबईचें विद्यापीठ प्रथमच ह्या शहराचें असें झालें.

ह्या सर्व कॉलेजांनीं अंतराचा प्रश्न सोडविला. परंतु ज्याच्याजवळ अंतर तोडण्याला पैसा होता पण वेळच नव्हता, त्याचें काय? कचेरींत दिवसभर बसणारा कारकून, वडील वारल्यामुळें मॅट्रिक होतांच नोकरीला लागलेला थोरला मुलगा, ह्यांच्यासाठीं कॉलेज घराखालीं आणून ठेवलें तरी व्यर्थ होतें. ह्यावर उपाय निघाला तो २० जून १९४६ रोजीं. त्या दिवशीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें सिद्धार्थ कॉलेज सुरू झालें, आणि त्याचे वर्ग सकाळीं भरूं लागले. विद्यार्थ्यानें पहांटे निघावें, व्याख्यानें ऐकावीं आणि तेथूनच कामावर जावें. इतरांनीं कॉलेजची जागा हलविली. आंबेडकरांनीं कॉलेजचें घड्याळ हलविलें. रात्रीं दोन वाजतां उठून अभ्यास केलेल्या मुलालाच हें सुचावें, ह्यांत आम्हांस तरी योगायोग दिसत नाहीं. बापानें एका खोलींत जें केलें तें मुलानें शहरासाठीं केलें: जागा वाढवितां येत नसेल तर वेळ वांटून घ्यावा.

परंतु घड्याळ हललें कीं त्याचा भार कोणाच्या तरी अंगावर पडतोच. सकाळच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाच्या आधीं त्याची आई उठे. नळाला पाणी येण्याची वेळ, गिरणीच्या भोंग्याची वेळ आणि कॉलेजची वेळ ह्या तिन्ही वेळा परळ-लालबागच्या चाळींत एकमेकींवर आदळत. पहिल्या पाळीला जाणाऱ्या बापाचा डबा आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलाचा डबा एकाच चुलीवर होई. रात्रपाळीहून आलेला भाऊ ज्या खोलींत निजे तिच्याबाहेर, गॅलरींत, धाकटा वही घेऊन बसे. आणि शेजारच्या बिऱ्हाडांतील बायका त्याची परीक्षा आहे म्हणून आपापल्या मुलांना दटावून गप्प करीत. कित्येक घरांत एका भावानें कॉलेजांत जावें म्हणून दुसऱ्यानें बदली कामगार म्हणून गिरणीचा दरवाजा धरला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि तो मिटल्याचें कोणी जाहीर केलें नाहीं. त्यांत पगारच थांबले तेव्हां पुष्कळ मुलांना वह्या मिटून कामाच्या शोधांत निघावें लागलें. पदवीच्या कागदावर एकच नांव असतें. त्या कागदाचे भागीदार किती, हें गिरणगांवाला विचारावें.

मुलींच्या तयारीचा तर स्वतंत्र इतिहास व्हावा. मुंबई विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांस १८८३ सालीं उघडले. कर्वे ह्यांचें महिला विद्यापीठ १९१६ सालीं पुण्यास निघालें आणि १९३६ सालीं त्याचें ठाणें मुंबईस आलें. पण दार उघडलें म्हणून वाट मोकळी होते असें नाहीं. मुलाला पास काढून दिला कीं भागे. मुलीला पासाबरोबर परवानगीहि लागे, आणि ती ठराविक वेळेची असे. दिवेलागणीच्या आंत घरांत आलें पाहिजे. म्हणजे शेवटच्या व्याख्यानानंतर ग्रंथालयांत बसण्याची, प्राध्यापकांस शंका विचारण्याची, मैत्रिणीशीं चार गोष्टी बोलण्याची जी घटका, तीच तिच्या दिवसांतून कापली जाई. १९९२ च्या मे महिन्यांत चर्चगेट-बोरीवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठीं पहिली गाडी निघाली, ती अंतर कमी करावयास नव्हे. ती घटका परत मिळवावयास तिचा उपयोग झाला, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

आतां न्यूमन ह्यांच्या आक्षेपाकडे वळूं. घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला सहवास मिळत नाहीं हें खरें काय? अर्धें खरें आहे. जो मुलगा घंटा होतांच आंत शिरतो आणि घंटा होतांच परतीची गाडी धरतो, त्याच्या बाबतींत तें पूर्ण खरें. त्याला पदवी मिळते, पण विद्यापीठ भेटत नाहीं. उलट ह्या शहरानें, कोणी योजना न आंखतां, विद्यार्थ्यासाठीं मधल्या जागा निर्माण करून ठेवल्या आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या शेजारचें डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० पासून तेथें उभें आहे, त्याच्या मागल्या बागेसह. १८९८ सालीं स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर-नायगांवच्या विद्यार्थ्याला जवळ पडतें. ह्यांखेरीज बागा, समुद्राचे कट्टे, देवळांच्या ओसऱ्या. केळुसकरांची आणि भीमरावांची भेट ना घरीं झाली, ना शाळेंत. ती झाली बागेंत. मुंबईच्या विद्यार्थ्याचें विद्यापीठ घर आणि वर्ग ह्यांच्या मध्यें कोठें तरी असतें, आणि तें त्याचें त्यालाच शोधावें लागतें.

गोष्टी पुष्कळ बदलल्या. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची धांवली. अकरावी करून मॅट्रिक होण्याची रीत १९७५ मध्यें गेली. दहावीनंतर दोन वर्षें कनिष्ठ महाविद्यालयांत काढून मग विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षांत येतो. प्रवेशाचा अर्ज आतां संगणकावर भरतात. तरी जून महिन्यांत कॉलेजच्या कचेरीच्या खिडकीपुढें सवलतीच्या पासाचा कागद घेण्यासाठीं मुलांची रांग लागते, ती तशीच आहे. त्या कागदावर एका बाजूला घराजवळचें स्टेशन लिहिलेलें असतें आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजजवळचें.

ज्या घरांत यंदा असा कागद आला असेल त्या घरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. मुलाला किंवा मुलीला नवे कपडे घ्या, पुस्तकें घ्या. तें सारें योग्यच आहे. पण त्याबरोबर घरांतली एक जागा आणि दिवसांतला एक तास नेमून द्या, आणि तो घरच्या कोणत्याहि कामासाठीं मोडूं नका. परतण्याच्या वेळेंत थोडी सैल असूं द्या. मुलीच्या बाबतींत तर अधिकच. आणि मुलांना सांगणें एवढेंच कीं, व्याख्यान संपलें म्हणजे लागलीच स्टेशनाकडे धांवूं नये. एक गाडी चुकूं द्यावी. मुंबईंत दुसरी येतेच.